वाळा, कुंदा आणि माझी टाचेची चप्पल

एका म्हातारीच्या वावराचा धुरा मी मुळासकट खोदायला लावला, कारण मला पायातली चप्पल काढायची नव्हती.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मागितलं होतं वेगळंच. "शेतकी खात्यातल्या आपल्या प्रदीर्घ सेवेतील संस्मरणीय यश" असं काहीसं होतं. मी चष्मा लावून यशं शोधायला बसले. दोन सापडली. त्यांतलं एक खरं म्हणजे पावसाचं होतं. मग म्हटलं, जाऊ द्या, जे रोज आठवतं तेच लिहू. फराळ खाता खाता वाचणाऱ्यांना एखाद्या बाईच्या मूर्खपणाची गोष्ट यशापेक्षा बरी पचते.

ज्यांचा शेतीशी संबंध फक्त भाजीच्या पिशवीपुरता आहे त्यांच्यासाठी आधी सांगते. आमच्या आदिलाबादकडे शेताला वावर म्हणतात आणि दोन वावरांच्या मधल्या, न नांगरलेल्या उंचवट्याला धुरा. त्या धुऱ्यावर गवत वाढतं. शहरातला माणूस ते बघतो आणि म्हणतो, काय ही आळशी माणसं, एवढी जागा पडीक ठेवलीय. मीही तेच म्हणायचे, आणि मला ते म्हणायचा पगार मिळायचा.

मी वाढले बेल्लमपल्लीत, खाणीच्या क्वार्टरमध्ये. वडील कोळशाच्या कचेरीत कारकून. आमच्या अंगणात तुळस होती, तीही काळपट. गवत म्हणजे रेल्वेच्या रुळांमधून डोकावतं ते, एवढीच माझी ओळख. तरी शेतकीची पदविका घेतली, कारण त्या वर्गात मुली कमी होत्या आणि मला वेगळं दिसायची भारी हौस. नोकरी लागली आणि महाराष्ट्राच्या सीमेवरची मराठी गावं माझ्या वाट्याला आली. साहेबांना वाटलं, पोरगी मराठी आहे, गावाशी जुळेल. गावाला वाटलं, पोरगी पुस्तकासारखी बोलते, हिला मराठी शिकवावं लागेल. तालुके फोडून मंडळं तेव्हा नुकतीच झाली होती, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता, आणि माझा तोराही.

तोऱ्याला खतपाणी मिळालं ते भीमपूरकडे. तिथले गणपतदादा मला धुऱ्यावरच गाठून कानात म्हणाले, "मॅडम, माह्या जवारीवर करणी केली कोनंतरी. कोनं म्हंजे, शेजारनीनं. नावच सांगतो ना."

ज्वारी खरंच करपल्यासारखी होती. पाणी होतं, खत होतं, तरी पिवळी, खुरटी. बुडाशी बघितलं तर वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची रोपटी. टारफुला. हे एक चोर रोप आहे. वरून हिरवं, साळसूद दिसतं. खाली मात्र ज्वारीच्या मुळाला तोंड लावून तिचं सगळं पिऊन घेतं. मी ज्वारीचं एक ताट मातीसकट उपटलं, बादलीतल्या पाण्यात हळूहळू धुतलं आणि दोन्ही मुळं एकमेकांत घुसलेली दाखवली.

"ही बघा तुमची करणी."

गणपतदादांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे शेजारनीनं वरून नाई केलं. खालून केलं."

तरी त्यांनी माझं ऐकलं. बी धरायच्या आत टारफुला उपटून काढला, ज्वारीवर ज्वारी न घेता त्या तुकड्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावली. त्यानंतरच्या ज्वारीला अशी कणसं लागली की गणपतदादांनी हुरड्याचं गाठोडं माझ्याकडे पाठवलं आणि दुसरं शेजारणीच्या ओट्यावर ठेवलं. हे माझं खरं यश. इथंच अनुभवकथन संपवलं असतं तर किती बरं दिसलं असतं!

पण त्यानंतर माझं नाव पडलं "गवतवाली मॅडम". आणि मला ते खरं वाटलं.

पुढच्याच उन्हाळ्यात वरून हुकूम आला, माझ्यासारख्या प्रत्येक शेतकी सहायकानं एक गाव कुंदामुक्त करून दाखवायचं. कुंदा हे काळ्या मातीतलं सगळ्यात चिवट गवत. मुळं कमरेइतकी खोल जातात, आणि नांगरानं तोडलं तर मरत नाही, जितके तुकडे तितकी नवी रोपं. गावातली माणसं म्हणत, "कुंदा अन् भाऊबंदकी, वरून कापून जात नाई." तो खोदूनच काढावा लागतो, तोही उन्हाळ्यात, म्हणजे मुळं उन्हानं वाळून मरतात. एवढं सगळं मला पाठ होतं. फक्त उन्हाळ्यात कुंदा ओळखायचा कसा, ते पाठ नव्हतं. गवत ओळखतात त्याच्या तुऱ्यावरून. वैशाखात तुरा कुठला? सगळी गवतं एकसारखी पिवळी, वाळलेली, एकमेकांच्या बहिणी. माझ्याकडे वहीत चिकटवलेला कुंद्याचा एक नमुना होता. तोही वाळलेलाच. त्याच्याशी ताडून पाहिलं तर आमच्या घरचा झाडूसुद्धा कुंदा निघाला असता.

शिवाय साहेबांनी बजावलं होतं, "अम्मा, खोदायचं म्हटलं की प्रत्येक शेतकरी सांगतो, हा कुंदा नाही. ऐकायचं नाही."

हे खोटं नव्हतं. खोदणं म्हणजे कंबर मोडणारं काम. पहिल्या चार वावरांत चार जणांनी मला कुंद्याची चार वेगवेगळी नावं सांगितली होती. त्यामुळे पाचव्या वावरात अनुसयामाय म्हणाली, "हा कुंदा नाई वो बाई, हा वाळा हाय," तेव्हा मी नुसती हसले.

वांकिडीपासून चार कोसांवरचं ते गाव. अनुसयामायचं वावर गावातलं शेवटचं, उताराला, खाली नाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मारोती हा एकुलता मुलगा, त्याचं त्याच साली लग्न झालेलं. वावराच्या वरच्या धुऱ्यावर पवन्या नावाचं गवत होतं, बैलांना भारी आवडणारं. आणि खालचा धुरा म्हणजे नाल्याच्या काठानं, चांगला दहा-बारा पावलं रुंदीचा पट्टा होता, छातीएवढ्या उंच वाळलेल्या गवताचा. त्या पट्ट्याच्या पायथ्याशी एक झिरा. झिरा म्हणजे काठावर खणलेला हातभर खोल खड्डा. वाटीनं पाणी काढावं, पुन्हा हळूहळू भरतो. भर वैशाखात अनुसयामायची घागर तिथं भरायची.

मी जीपमधून उतरले. माझ्या पायात टाचेची चप्पल होती, लाल मखमली पट्ट्याची. काळ्या मातीच्या भेगांत त्या टाचा अशा अडकायच्या की दर चार पावलांनी मला एक पाय मागे विसरल्यासारखं थांबावं लागे. गावच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी समजायचे, कौतुकानं बघतायत.

अनुसयामाय त्या गवतात विळा घेऊन बसली होती. बुटकी, काटक, कपाळावर मोठं गोंदण. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर चपलेवर थांबवली.

"तुले खरंच पाह्याचं हाय का, हे काय हाय थे?"

"मी बघितलंय. कुंदा आहे."

"तसं नाई. चप्पल काढ अन् इथं उभी राह्य. घटकाभर."

"कशाला?"

"पाय सांगते. अखजीच्या सनाले आमी नव्या सुनेले धुऱ्यावरून चालवतो. अनवानी. जिथं पाय पोळला तिथलं गवत कापून घ्या, खोदून घ्या, काई नाई होत. जिथं गार लागलं तिथं मुळाले हात नाई लावाचा. परवाच मारोतीच्या बायकोले चालवलं मी. तिले समजलं, थे तं दहावी नापास हाय."

मागे उभे असलेले चार गडी हसले. मी पदविकाधारक. मला वाटलं, ते मला हसले. आता वाटतं, ते त्या सुनेला हसले असतील किंवा हसलेच नसतील, खोकले असतील. पण त्या क्षणी चप्पल काढणं म्हणजे हरणं, असं माझ्या डोक्यात बसलं. उन्हानं माती तापून तव्यासारखी झालेली, आणि माझे पाय क्वार्टरच्या फरशीवर वाढलेले, हेही होतंच.

"माय, शेती आता पायानं नाही, डोक्यानं करायची असते," मी म्हणाले. असली वाक्यं मी तेव्हा आरशासमोर तयार करून ठेवायचे.

मारोती मध्ये पडला. बिचाऱ्याला आईची लाज वाटत होती. "माय, ऊठ ना वो. मॅडम शिकेल हाय. अन् पट्टा निघाला तं पऱ्हाटीची आठ-दहा तासं वाढतीन आपली." तासं म्हणजे पिकाच्या ओळी. मग माझ्याकडे वळून, "उद्या खोदतो, मॅडम. तुमी याल ना?"

"येते तर!"

अनुसयामाय उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ गडी लागले. ती पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसूनच होती, जणू तिथवर पोचायच्या आत कुदळी मोडतील. पहिल्याच घावाला एक ठोंब उलटा झाला, आणि वास आला.

ज्यांनी उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं अनुभवलंय त्यांना तो वास सांगायला नको. गार, ओला, मातीचा आणि मातीहून गोड. अत्तरवाले त्यालाच खस म्हणतात. वाळ्याच्या मुळाशिवाय जगात कशालाही तो वास नाही. आठही कुदळी थांबल्या. मारोतीनं मुळ्यांचा झुपका उचलला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, वास येऊन राह्यला."

बाईंनो आणि दादांनो, इथं माझी चूक संपते आणि माझं पाप सुरू होतं. इथपर्यंत मी मूर्ख होते. मूर्खाला माफी असते. पण त्या वासानं मला सगळं कळलं. एक ठोंब गेला होता, बाकीचा पट्टा जागेवर होता. "थांबा, माझी चूक झाली" एवढे चारच शब्द. मी आठ गड्यांकडे पाहिलं, जीपच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"कुंद्याच्या जुन्या मुळांनाही येतो असा वास. चालू द्या."

मारोतीनं मान खाली घातली. कुदळी चालू झाल्या. अनुसयामाय पलीकडून ऐकत होती. ती उठली, लुगडं झटकलं, झिऱ्याशी जाऊन वाटीवाटीनं घागर भरली, आणि घागर डोक्यावर घेऊन आमच्या मधून घरी चालत गेली. मला वळसा घालून नाही, मधूनच.

दुपारी साहेब आले. ढीग बघून खूष. "पनि अयिपोयिंदा?" म्हणजे काम झालं का, असं त्यांनी तेलुगूत विचारलं, आणि मी म्हटलं झालं. त्यांनीही वास घेतला. त्यांना मातीचा वास आणि वाळ्याचा वास यांतला फरक कळत नव्हता असं नाही. एक मोठा भारा त्यांनी कूलरसाठी जीपमध्ये टाकायला लावला आणि कुंदामुक्त गावाच्या पाटीशेजारी माझा फोटो काढवून घेतला. फोटोत चप्पल छान आली आहे.

आणि मी? मी पण मूठभर मुळं रुमालात बांधून बेल्लमपल्लीला नेली. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं ती धुऊन माठात टाकली. संध्याकाळी वडील कचेरीतून आले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "वा, पोरीच्या नोकरीचा हा पहिला फायदा!" मी त्या उन्हाळाभर नळाचं कोमट पाणी प्याले. आईला वाटलं, माझा घसा धरलाय.

आता वाळा काय करतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बहुतेक गवतांची मुळं पसरतात. वाळ्याची सरळ खाली जातात, दाट, फणीच्या दातांसारखी, माणसाच्या उंचीहूनही खोल. उतारावरून पाणी धावत येतं ते या फणीत अडतं. पाणी गाळून जातं, माती मागे राहते. अशी वर्षानुवर्षं माती साचून अनुसयामायच्या वावराचं खालचं अंग तयार झालेलं होतं. सगळ्यात काळं, सगळ्यात खोल. आणि अडलेलं पाणी मुळांच्या वाटेनं खाली मुरतं. तेच पुढे झिऱ्यात येतं. म्हणून ती जागा वैशाखातही पायाला गार लागते. हे पुस्तकात दोन पानं होतं. अनुसयामायनं ते एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी ते चपलेमुळे ऐकलं नव्हतं.

मारोतीनं पट्ट्याच्या जागेवर पऱ्हाटी लावली. उगवली पण झकास. मी दोनदा जाऊन कौतुक करून आले. श्रावणात दोन दिवस, दोन रात्री पाऊस पडला. आमच्याकडे पडतो तसाच, फार वेगळा नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

मी रस्त्यावर जीप थांबवली आणि जीपमधून उतरलेच नाही आधी. तिथूनच दिसत होतं. नाल्यानं त्या पट्ट्याच्या जागेवरून आत शिरून वावर कुरतडलं होतं. नवी दहा तासं गेली होती, आणि त्यांच्या वरची जुनी वीस-पंचवीस. काळ्या मातीच्या जागी पांढरा मुरूम उघडा पडला होता, सोललेल्या गुडघ्यासारखा. झिरा कुठं होता ते कळतही नव्हतं. आणि शेजारच्या वावरांचे धुरे, ज्यांच्या मालकांनी "उद्या खोदतो, परवा खोदतो" करून मला टाळलं होतं, ते गवत अंगावर घेऊन जसेच्या तसे उभे होते.

काठावर मारोती उभा होता. मी मनाची तयारी करून गेले की हा शिव्या देईल. तो म्हणाला, "मॅडम, चहा घेता?"

शिवी परवडली असती.

महसूलचा माणूस पंचनाम्याला आला. आमच्याकडे महसुलाची भाषा अजून निजामाच्या पेटीतून निघते. त्यानं दफ्तर उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, दर्याबुर्द लिखना पडता." पाण्यानं खाल्लेल्या जमिनीला तो शब्द. "वजह क्या लिखूं?"

मारोती माझ्याकडे बघत होता. त्याच्यामागे अनुसयामाय.

"अतिवृष्टी," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं. मीही माझ्या अहवालात तेच लिहिलं आणि सही केली. सही फार सुंदर यायची माझी.

पुढच्या उन्हाळ्यात झिऱ्याला पाणी आलं नाही. अनुसयामाय अर्ध्या कोसावरून घागर आणू लागली. वरच्या धुऱ्यावरचा पवन्या एकटा बैलजोडीला पुरेना, एक बैल गेला. उरलेल्या वावरात तिघांचं पोट भरेना म्हणून मारोती कामाला गेला, कुठं, तर बेल्लमपल्लीला, खाणीत, रोजंदारीवर. माझ्याच गावी! सुट्टीत घरी गेले की पाळीवरून परतणाऱ्या काळ्या तोंडांच्या माणसांत मी त्याला शोधायचे, आणि दिसेल या भीतीनं खिडकी लावून घ्यायचे. तो मला कधी दिसला नाही. काळ्या तोंडांत ओळखूही आला नसता. माझी ओळखण्याची ताकद तुम्हाला एव्हाना माहीत आहेच.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली, बढती झाली. वांकिडीच्या बाजूचं काम आलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे. असं करत करत कितीतरी वर्षं गेली. नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली असताना एक परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, जमिनीची धूप थांबवण्यासाठी शेतकऱ्यांनी धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठी वाळा लावावा.

ते वाचून मी इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला.

आणि त्याचा प्रचार करायचा होता मी! तक्ते आले, मुळांची रंगीत चित्रं आली. भीमपूरच्या सभेत मी काठीनं मुळं दाखवत होते, "बघा, फणीच्या दातांसारखी," तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला.

"मॅडम, हे आमच्या आजीनं लावेल होतं. तुमच्याच लोकायनं काढलं."

सगळी सभा हसली. हा म्हातारा कोण, कुठला, मला माहीत नाही. "तुमच्या लोकांनी" म्हणाला, "तुम्ही" नाही म्हणाला. म्हणजे हे फक्त माझ्याच हातून झालं नव्हतं. याचा आनंद व्हावा की दुःख, ते मला आजही ठरवता येत नाही.

त्या मृगात मी रजा काढली. ओल्या गोणपाटात वाळ्याचे चाळीस ठोंब गुंडाळले, बसनं वांकिडीला उतरले, आणि तिथून थोडं बैलबंडीत, बरंचसं पायी, अनुसयामायच्या दारात गेले. ती ओट्यावर बसली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. सून दारात आली. तीच ती, अनवाणी चालवलेली, आता तिचेही केस पांढरे.

"कोन हाय वो?" म्हातारीनं विचारलं.

"मी... खात्यातली. पूर्वी यायचे."

"थे टाचवाली?"

मी म्हटलं, हो, तीच. मग ओट्याच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. वास आला तेव्हाच मला कळलं होतं. कुंद्याच्या मुळाला वास नसतो. अतिवृष्टी मी लिहवली. ती ऐकत होती, मान हलवत नव्हती. शेवटी माठाचं सांगितलं.

"माठात टाकला?" तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "मंग, पानी गोड लागलं का?"

"मी प्यालेच नाही, माय."

"आता पाह्य! म्हंजे तोही वायाच गेला."

आणि ती हसली. दात नव्हते, तरी खूप हसली. सूनही हसली. मला हसता आलं नाही, म्हणून मी गोणपाट सोडलं. म्हातारीनं एक ठोंब हातात घेतला, मुळं बोटांनी चाचपली, वास घेतला.

"वाळाच हाय. यावेळेस कोनाले इचारून आनला वाटते."

चाळीसपैकी त्या वर्षी तीन जगले. मुरमात काय जगणार? माती असती तर वाळा हवा कशाला, आणि वाळा असता तर माती गेली कशाला, असं ते कोडं होऊन बसलं होतं. पुढच्या मृगात पुन्हा ठोंब नेले. त्यांतले अर्धे नाल्यानं नेले. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी खाल्ले. मारोती खाणीतून परत आला होता, खोकत. तो काही न बोलता माझ्याबरोबर खड्डे करायचा. मी एकदा म्हटलं, "मारोती, मला काही तरी बोल." तो म्हणाला, "तुमी सांगा मॅडम, किती अंतरावर लावू?" मी रडकुंडीला आले. तो खरंच अंतर विचारत होता.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत माझ्या कुंदामुक्त गावाचा उल्लेख झाला. तो जुना फोटोही कुणीतरी शोधून काढला होता. नात परवा तो बघून म्हणाली, "आजी, काय भारी चप्पल होती गं तुझी!" मी म्हटलं, फार महाग पडली.

अनुसयामाय आता नाही. नाल्याच्या काठी आज आठ ठोंब आहेत, एका रांगेत, मधे फटी. त्यांच्या मागे वीतभर माती साचली आहे. मी काडी खोचून मोजते. झिरा आलेला नाही.

ती गेली त्याच्या आधीच्या वैशाखात मी गेले होते. तेव्हा पाचच ठोंब होते. तिला दिसत नव्हतं, तरी म्हणाली, चाल, दाखव. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती धुऱ्यावरून अनवाणी चालत आली, कुठंही न अडखळता. अडखळत होते ते मी, साध्या सपाट चपलेतसुद्धा. सगळ्यात मोठ्या ठोंबापाशी तिनं मला थांबवलं. खाली बसली, गवताच्या पात्यांवरून हात फिरवला, आणि वर बघून म्हणाली, "आता काढ."

मी चप्पल काढली. ठोंबाच्या बुडाशी दोन्ही पाय ठेवले. मुरूम तापलेला होता, तळवे अक्षरशः भाजत होते. ती तोंड वर करून वाट बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोरीचा निकाल ऐकायला थांबावं तशी.

"गार लागतंय, माय," मी म्हणाले.

मग तिनं माझ्या पावलावर हात ठेवला.

"खोटं नको बोलू, पोरी. गार लागाले अजून लय वर्सं हाय. तवर येत जाय, अन् चप्पल काढत जाय."